पाचातून चौथा

इथे जमलेले सगळे नातेवाईक, शेजारी, कंपनीतले सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या रेखावहिनी,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मला तोंडाळ म्हणून ओळखणारी निम्मी माणसं इथे बसलीत. त्यांना गंमत वाटत असेल. पण गेल्या आठवड्यापासून हे तोंड नीट चालत नाहीये. तेव्हा मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा करतो. माझ्या मागे हा जो फ्लेक्स लावलाय, त्यात दोन माणसं आहेत. एक मैदानात आडवा पडलाय आणि दुसरा त्याच्यावर वाकून त्याचा हात धरतोय. आडवा पडलेला मी आहे, आणि मी जिवंत आहे. हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण मघाशी परभणीहून आलेल्या एका मावशींनी फ्लेक्समधल्या आडव्या माणसाला हात जोडले, डोळे पुसले आणि मागे वळल्या, तर मी समोर उभा. त्यांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. मावशी, माफ करा. फ्लेक्स मी छापलेला नाही.

गेला तो वाकलेला. प्रकाश. रेखावहिनींचा नवरा, माझा पक्या. टूलरूमचा उत्तम कारागीर, कॅरममध्ये बेमालूम चिटिंग करणारा, आणि या शहरात माझ्याशी खरं बोलणारा बहुधा एकटाच माणूस.

फोटोखाली लिहिलंय, ‘माणुसकीचा धावपटू’. माझ्याआधी चार जण बोलले आणि चौघांनीही हाच फोटो धरला. मित्र पडला म्हणून प्रकाश थांबला, त्याने स्वतःची शर्यत सोडली, त्यागमूर्ती, वगैरे. मी खाली बसून ऐकत होतो. पक्या असता तर त्याने मला कोपराने ढोसलं असतं आणि म्हणाला असता, “सुध्या, हे कोणाबद्दल बोलतायत रे?”

मीही आज याच फोटोवर बोलून खाली बसणार होतो. पण येताना गेटवर एक वाक्य कानावर आलं आणि मी अडकलो. आपल्या सोसायटीचे चेअरमन आप्पा पार्किंगमध्ये दोघातिघांना सांगत होते. आप्पा, तुम्ही समोरच आहात, रागावू नका. तुम्ही म्हणालात, “आवं, बाईनं भर मैदानात म्हनलं व्हतं, मरा म्हून. माईकवर. आमी सोता ऐकलंय. आन् झालंच की तसं.”

आप्पा, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्ही स्टेजवर होतात, तुम्ही ऐकलंत. तुमच्यासारखंच अख्ख्या मैदानाने ऐकलं. मीही ऐकलं. मी तर तेव्हा त्याच्या हाताला बांधलेला होतो. फरक एवढाच, की माइक बंद झाल्यावर पुढे काय झालं ते तुम्ही ऐकलं नाही. मी ऐकलं. आणि ते सांगायला आज माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. वहिनी स्वतः सांगणार नाहीत. त्यांना आता कोणाला काही समजावून सांगायची ताकद नाही, आणि गरजही नाही.

तर ऐका. थोडं मागून सांगावं लागेल.

प्रकाशच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आम्ही दोघं महाळुंग्याच्या कंपनीत होतो. एकाच बसने जायचो, एकाच बाकावर बसून झोपायचो. मग डायलिसिस सुरू झालं. पुढे रेखावहिनींनी स्वतःची एक किडनी त्याला दिली. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाही सत्कार झाला होता, तेव्हाही फ्लेक्स लागला होता. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये माणूस आजारातून उठला की घरात शिरण्याआधी चौकात लागतो.

त्यानंतरची आठ वर्षं मात्र फ्लेक्सवर नाहीत. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, मिनिटभर इकडेतिकडे नाही. उकळलेलं पाणी. बाहेरचं खाणं बंद. लग्नात मास्क, बारशात मास्क. कंपनीने त्याला टूलरूममधून उचलून माझ्या स्टोअरमध्ये, काचेच्या केबिनमध्ये बसवलं. ज्या माणसाच्या हाताला ऑइलचा वास असायचा, त्याच्या हाताला सॅनिटायझरचा वास यायला लागला. येणारा-जाणारा काचेतून बघायचा आणि म्हणायचा, “काय प्रकाशभाऊ, बरंय ना?” पक्या मान हलवायचा. तो निघून गेला की मला म्हणायचा, “पेशवे पार्कात होतो ना आपण लहानपणी गेलेलो, वाघ बघायला? त्या वाघाचं मला आत्ता कळलं.”

पण काचेचं त्याला फार नव्हतं. खरा पिंजरा घरी होता, आणि त्याला दारच नव्हतं, कारण तो प्रेमाचा होता. एकदा बसमध्ये तो मला म्हणाला, “सुध्या, मला रेखाशी भांडता येत नाही रे.”

मी म्हटलं, “चांगलंय की. मला तर घरी तोंडच उघडू देत नाहीत.”

“तसं नाही. ती काही म्हणाली की मी हो म्हणतो. टीव्ही बंद कर म्हणाली, हो. भावाकडे जायचं नाही म्हणाली, हो. भाजीत मीठ नसतं, तरी छान झालीय म्हणतो. ज्या बाईने पोट फाडून आपल्याला अवयव दिला, तिच्याशी मिठावरून भांडणार? कोणत्या तोंडाने? आणि तीही माझ्यावर ओरडत नाही. मी आजारी ना. अरे, आमचं लग्न झाल्यापासून आम्ही रोज भांडायचो. आता दोघं एकमेकांशी बँकेतल्यासारखं बोलतो.”

मी हसलो होतो. तो हसला नव्हता.

त्यानंतर त्या क्रीडादिनाचं निघालं. अवयव बदललेल्या लोकांचा क्रीडादिन. किडनीवाले, लिव्हरवाले, एक हृदयवालाही होता. पेशंटांच्या मंडळाने ठरवलं आणि स्वयंसेवक आमच्या कंपनीने दिले. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे ज्याचं नाव साहेबाने लिहिलं तो. माझं लिहिलं गेलं. आणि त्याच संध्याकाळी माझ्याकडे दोन माणसं दोन मागण्या घेऊन आली.

आधी वहिनींचा फोन. “भाऊ, तुम्ही यांच्यासोबतच राहा. पळू देऊ नका. चालायला लावा. हात सोडू नका.”

मी म्हटलं, बरं.

मग पक्या खाली पार्किंगमध्ये आला. “सुध्या, शंभर मीटरला नाव दिलंय. मला एकदा एकट्याने पळायचंय. कोणी धरायचं नाही, कोणी सोबत यायचं नाही. तू तिथे आहेस म्हणून सांगतो. मला मोकळं सोड.”

मी म्हटलं, बरं.

दोघांना बरं म्हणणारा माणूस दोघांच्या मध्ये चेपला जातो. हे मला तिथे मैदानात कळलं.

आता आमचे जाधवसाहेब. तिकडे उजवीकडे बसलेत. आमच्या प्लँटचे सेफ्टी ऑफिसर, मनाने अत्यंत चांगला माणूस. पण त्यांना कुठेही नेऊन सोडलं तरी ते आधी आग लागल्यावर कुठून पळायचं ते बघतात. त्यांनी ताथवड्याच्या त्या कॉलेजच्या मैदानाचा प्लँट करून टाकला. पिवळ्या पट्ट्या, ‘येथे जमा’ची पाटी, शर्यतीआधी सुरक्षेची शपथ. आणि प्रत्येक धावणाऱ्यामागे एक जोडीदार. कंपनीत धोक्याच्या जागी एकट्याने जायचं नाही असा नियम आहे, तोच इथे. धावणारा आणि जोडीदार यांचे हात एकमेकांना बांधायचे.

कशाने बांधायचे? सरावात रिबीन लावून बघितली, सुटली. सुतळी लावली, सुटली. आमच्या कंपनीत गाडीच्या वायरींचे जुडगे बनतात. तिथे जो तो आयुष्यभर एकच गोष्ट शिकलेला: सुटू नये असं वाटत असेल तर केबल टाय लावा. प्लास्टिकची ती पट्टी. एकदा खाचेतून ओढली की परत येत नाही, कापावीच लागते. जाधवसाहेबांनी खोकंभर आणले. मनगटाला स्पंज, स्पंजावर टाय, आणि दोघांच्या मध्ये वीतभर तिसरा टाय. काम एकदम पक्कं. कर्रर्र आवाज करत पट्टी ओढली आणि जाधवसाहेब म्हणाले, “आता बघतो कोण पडतो.”

मंडळी, या योजनेत एकच गोष्ट कोणी तपासली नव्हती. धावणारे वर्षानुवर्षं पथ्यपाणी करणारे, रोज सकाळी चालणारे. आणि जोडीदार आम्ही! कँटीनमध्ये वाढलेले. माझं वजन तुम्हाला दिसतंय. मला साखर आहे, गुडघे आहेत, संध्याकाळी वडापाव आहे. त्या मैदानावर धडधाकट म्हणून ज्यांना उभं केलं होतं, त्यांच्याकडे बघून पेशंट काळजीत पडले होते. हृदयवाल्याने तर स्वतःच आपल्या जोडीदाराला विचारलं, “साहेब, तुम्ही बीपीची गोळी घेतलीत ना?”

शिट्टी झाली. पक्या सुटला, आणि त्याच्यामागे मी, ट्रॉलीसारखा. “चल सुध्या, चल लेका!” मी मनापासून पळालो. खरंच पळालो. अर्ध्याच्या पुढे गेलो आणि माझ्या पोटरीत असा गोळा आला, की मी आडवा. आणि मी आडवा म्हणजे तो थांबला. त्याने थांबायचं ठरवलं वगैरे नव्हतं. तो माझ्या हाताला टायने बांधलेला होता.

आता हा फोटो पुन्हा बघा. सगळ्यांनी बघा. तो माझा हात धरत नाहीये. तो टाय तोडायला बघतोय. त्याचं तोंड उघडं दिसतंय ना? आधीचे वक्ते म्हणाले, तो मित्राला धीर देतोय. तो काय देत होता ते मी या सभेत सांगू शकत नाही. माझ्या मातोश्रींचा उल्लेख त्यात होता.

बाकीचे जोडीजोडीने पुढे गेले. आम्ही शेवटचे. मी लंगडत, तो मला ओढत. पलीकडच्या रेषेवर टाळ्यांचा कडकडाट. लोक रडत होते. आप्पा, तुम्ही स्टेजवरून डोळे पुसत होतात, मला आठवतंय.

मग टाय कापायची वेळ आली आणि कटर नाही. मैदानात धारदार वस्तू आणायची नाही हा जाधवसाहेबांचाच नियम. नाश्त्याचे पोहेसुद्धा डब्यात बंद होऊन आले होते, सुरी कशाला असेल? कटर महाळुंग्याहून निघाला. महाळुंग्याहून निघालेली वस्तू चाकणच्या चौकात अडकते, हे तुम्हाला मी काय सांगू? तुम्हा सगळ्यांची निम्मी हयात तिथे गेलीय. तोवर आम्ही सगळे जोडीजोडीने मांडवात बसून राहिलो. चहा जोडीने, गोळ्या जोडीने. लघवीला जोडीने. त्या दिवशी माणसामाणसांत जी जवळीक निर्माण झाली ती पुन्हा कोणाला नको आहे.

समोर मैदानाच्या कडेला बायका बसल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या, गोळ्यांचे डबे, नॅपकिन मांडीवर घेऊन. पक्या त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, “सुध्या, बघ. पळणारे बहुतेक आपण बाप्ये. आणि त्या बसल्यात ना, त्यातल्या बहुतेकींची एक किडनी कमी आहे. त्यांची शर्यत कुठाय?”

मी मोकळ्या हाताने पोटरी चोळत होतो.

“आणि मला एवढंच पाहिजे होतं,” तो म्हणाला, “की एकदा तिने लांबून बघावं, आणि मी एकटा पळतोय. म्हणजे तिला कळलं असतं, की तिने दिलेलं चाललंय. तिने धरून ठेवलं नाही तरी चालतंय. मग कदाचित ती मला सोडेल. आणि मग कदाचित आम्ही नीट भांडू.”

शेजारी हृदयवाला त्याच्या जोडीदाराला बांधून बसला होता. त्याला हृदय कोणाचं मिळालं ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, “भाऊ, तुमच्यासमोर भांडायला माणूस तरी आहे. मला ते घरही माहीत नाही.” त्यावर पक्या एकदम वरमला. बराच वेळ माझी पोटरी दाबत बसला, आणि त्या वेळी मला त्याचीच जास्त गरज होती.

कटर आला. आम्ही सुटलो. म्हणजे मी सुटलो.

तो फोटो मात्र सुटला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर गेला, कंपनीच्या मासिकात गेला, वाकडच्या टॉवरांमधल्या ज्या लोकांना आपण कधी बघितलं नाही त्यांच्या मोबाइलवर गेला. शाळेत भाषणाला बोलवायला लागले. विषय ठरलेला: मैत्री आणि त्याग. पक्या पहिल्या शाळेत खरं बोलला. म्हणाला, “मुलांनो, मी थांबलो नाही. मी बांधलेला होतो. नाहीतर मी याला टाकून पळालो असतो.” सगळी शाळा हसली. मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, “पाहा मुलांनो, किती हा विनय!”

त्याने दुसऱ्या शाळेत आणखी जोर लावून सांगितलं. तिथे त्याला शाल मिळाली.

काय करायचं अशा वेळी? सांगा ना. खरं बोलूनसुद्धा माणसाला खरं ठरता येत नसेल तर त्याने कुठे जायचं? तो मला म्हणाला, “किडनी बदलली की माणसाचा देव करतात, राव. आणि देवाचा प्रॉब्लेम काय असतो? त्याला देवळाबाहेर जाता येत नाही.”

मग गेल्या हिवाळ्यातला दुसरा क्रीडादिन. जाधवसाहेबांनी चूक मान्य केली होती. टाय रद्द, जोडीदार रद्द. ज्याला पळायचंय त्याने एकट्याने पळावं. पक्याने महिनाभर आधी बूट आणले होते. डॉक्टरांकडून लेखी परवानगी घेतली होती. वहिनींना मात्र सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, मी फक्त बक्षिसं द्यायला जातोय.

आणि मैदानात गेल्यावर कळलं, की सगळ्यांना मोकळीक आहे, फक्त आम्हा दोघांना नाही. प्रमुख पाहुण्यांना तो फोटो फार आवडला होता. त्यांच्या हस्ते आम्हा दोघांचे हात सॅटिनच्या रिबिनीने बांधायचे, आम्ही हातात हात घालून शंभर मीटर चालायचं, मध्ये मी थोडा वेळ पडायचं, त्याने मला उठवायचं, आणि मग खऱ्या शर्यती सुरू. मला पडायची जागा चुन्याने आखून दिली होती. जाधवसाहेब, खोटं बोलतोय का मी? बघा, मान हलवतायत.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांनी रिबीन बांधली, फोटो काढले, स्टेजवर जाऊन बसले. जाधवसाहेब माइक घेऊन आमच्याशेजारी उभे. आणि पक्या म्हणाला, “मी हे करणार नाही.”

माइक चालू होता. ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

वहिनी पुढे आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, करा ना. एवढी माणसं आलीत.”

“मला पळायचंय.”

“कामून? काही झालं म्हणजे?”

“होऊ दे.”

“होऊ दे कसं? माझी किडनी आहे ती!”

आणि पक्या, आठ वर्षं प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा पक्या, मोठ्याने ओरडला, “दिलीस ना? दिलीस म्हणजे दिलीस! किती वेळा देशील?”

मंडळी, मी मध्ये होतो. एका बाजूला रिबीन, दुसऱ्या बाजूला माइक. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. आणि मग त्या फुटल्या. त्यांच्या परभणीच्या भाषेत, पदर खोचून.

“आठ वर्षं! आठ वर्षं तुमच्या ताटातलं मीठ बघते, मला काय हौस आहे का? मला कोणी विचारलं का, तुला काय पाहिजे म्हणून? वाघीण म्हणले, सावित्री म्हणले, नारळ दिला न् बसवलं! मला झोप नाही लागत, तुम्ही खोकलात की! जा! पळा! मरा पळून एकदाचे!”

इथे जाधवसाहेबांनी माइक बंद केला. घाबरून बंद केला. मी त्यांना दोष देत नाही. पण अर्धी गोष्ट तिथे कापली गेली, आणि तुम्ही सगळे ती अर्धी गोष्ट घेऊन घरी गेलात. आप्पा, तुमची गोष्ट तिथे संपते. माझी तिथे सुरू होते.

पक्याने रिबीन दाताने सोडली. माझ्याकडे बघितलं. तो हसत होता. इतकं हसताना मी त्याला टूलरूम सुटल्यापासून बघितलं नव्हतं. जाऊन सरळ रांगेत उभा राहिला. त्याला धरून त्याच्या वयाचे पाच जण होते. शिट्टी झाली.

तो काही सुंदर पळाला नाही. सुटलेली कंपनीची बस पकडायला माणूस पळतो ना, एक हात वर करून, तसा पळाला. एक हात पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे वहिनींची किडनी बसवलेली, तिथे धरून. मी वहिनींच्या शेजारी उभा होतो. त्या मला दिसत नव्हत्या, कारण मी त्याच्याकडे बघत होतो. पण ऐकू येत होतं.

“पाय उचला! अहो, पाय उचला की! हात काढा तिथून, काही होत नाही तिला! काढा हात! मान वर! मागं नका बघू, मागं कोण बघतंय मूर्खावानी! पळा! आणखी, आणखी!”

त्या शाळेत खो-खो खेळायच्या, हे मला त्या दिवशी समजलं. आवाज पुढे जायला लागला तेव्हा मी बघितलं, तर घसा फाटेस्तोवर ओरडत त्या पिवळ्या पट्टीच्या आतून त्याच्याबरोबर पळत होत्या. चप्पल कुठे गेली त्याचंही भान नव्हतं. आणि ‘काढा हात’ म्हटल्यावर, मंडळी, त्याने हात काढला. दोन्ही हात मोकळे करून तो शेवटपर्यंत पळाला.

तेवढं माइकवर यायला हवं होतं.

तो चौथा आला. वहिनी तिथे पोचल्या, त्याच्या पाठीत एक दणका घातला आणि म्हणाल्या, “चौथा? पाचातून चौथा?”

तो धापा टाकत म्हणाला, “पाचव्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.”

“आन् हे तोंड वर करून सांगताय?”

तिथून ते दोघं जे भांडत निघाले ते रिक्षात भांडले, लिफ्टमध्ये भांडले. मी त्यांच्याबरोबर होतो. रिक्षावाला मला आरशातून विचारत होता, “काका, पोलीस चौकीला घेऊ का?” संध्याकाळी पक्याचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, “सुध्या, ती भांडली रे.” बस, एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे महिने तुम्ही शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेत. मिठावरून आवाज, टीव्हीवरून आवाज, भावाकडे जाण्यावरून आवाज. लिफ्टमध्ये तुम्ही कुजबुजलात, शर्यतीपासून त्या घरात काहीतरी बिघडलंय म्हणून. अहो, त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी दुरुस्त झालं होतं! आठ वर्षं उपकार करणारी आणि उपकार घेणारा असे दोघं त्या फ्लॅटमध्ये राहत होते. आता नवरा-बायको परत राहायला आले होते. तुम्हाला गोंगाट ऐकू आला. मला वास्तुशांती ऐकू आली.

आणि मग हा पावसाळा. छातीत संसर्ग. माझ्यासमोर डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं, आणि मी ते इथे सगळ्यांसमोर सांगतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या असतात, त्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी करतात. कोणाच्याही खोकल्यातून, कोणत्याही दिवशी हे होऊ शकलं असतं. हिवाळ्यातल्या शर्यतीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाले. वहिनी, ती मला मोठ्याने म्हणू द्या. ते म्हणाले, छाती हरली, पण किडनी अखेरच्या दिवसांपर्यंत चांगली काम करत होती.

तर माणसाने रागात उच्चारलेला एक शब्द आणि त्याचं मरण, या दोन गोष्टी तुम्ही रिबिनीने एकमेकींना बांधल्यात. सोयीचं आहे. फोटो चांगला येतो. पण त्या बांधलेल्या नव्हत्या. शब्द त्याला सोडण्यासाठी होता, आणि तो सुटला. शंभर मीटर का होईना, सुटला. आपल्यातले किती जण तेवढे सुटलेत? मी तर नाही. मी अजून या फ्लेक्समध्ये आडवाच आहे.

आता शांततेचं. दोन मिनिटं पाळायची पद्धत आहे, पाळू. पण प्रकाशला शांतता फारशी लागत नव्हती. त्याच्या घरात ती आठ वर्षं होती आणि तिने त्याचा जीव नकोसा केला होता. तेव्हा ही शांतता आपण त्याला न देता रेखावहिनींना देऊ. म्हणजे आज इथून निघाल्यावर गेटवर, लिफ्टमध्ये, ग्रुपवर त्या एका शब्दाबद्दल आपण गप्प बसायचं. आज, उद्या, आणि पुढेही. आप्पा, तुम्ही पुढाकार घ्या. तुमचं लोक ऐकतात.

पक्या, जय भीम.

चला, सगळे उभे राहू या. वहिनी, तुम्ही उठू नका. आणि तुम्ही गप्पही राहू नका. आम्हाला न सांगता निघून गेला, याबद्दल त्याला जे सुनवायचं असेल ते आत्ता सुनवा. आम्ही कोणी ऐकत नाही. माइक मी बंद केलाय.